उलटा पडलेला त्रिकोण

कात्री हातात असताना भांडू नये, हे मी आमच्या ह्यांना लग्न झाल्यापासून सांगत आले आहे. इस्त्री करताना भांडा, काजं करताना भांडा, गिऱ्हाईक पाठमोरं झालं की तर खुशाल भांडा. पण कापताना तोंड बंद ठेवा. ऐकतील तर ते विजयेंद्र कसले? म्हैसूरच्या शिवरामपेटेत आमचं दुकान आहे आणि ब्लाउज शिवावा तर ह्यांनीच, असं म्हणणाऱ्या बायका लांबून लांबून येतात. ह्यांच्या तोंडाचं नावही तेवढंच लांब पोचलंय.

त्या शनिवारी दुपारी भांडण चाललं होतं ते स्पंदनाशी. आमची एकुलती एक, नववीत आहे. दर रविवारी सकाळी ती बोगादीला अनंतकृष्ण सरांकडे जाते. सर शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. ते धडे घेत नाहीत, परीक्षा घेत नाहीत, नुसती कोडी घालतात. पंधरावीस मुलं त्यांच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून डोकी खाजवतात आणि हसत हसत घरी येतात. आमची तर बसमधून उतरतानाही बोटांनी हवेत काहीतरी जोडत असते. मला ते आवडायचं. ह्यांना नाही.

"उद्या एकदा जा, आणि सरांना सांगून ये," हे पाटावर कापड पसरता पसरता म्हणाले. "पुढच्या रविवारपासून तिरुमलरावांची ट्यूशन. जागा ठेवलीय त्यांनी. पुढच्या वर्षी दहावी, एसएसएलसी आहे तुझी. सरी, ठीक आहे ना?"

"सरी नाही, अप्पा. मला सरांकडेच जायचंय."

"तिथं काय मिळतं? मार्क मिळतात? सुम्मने, उगाच, कोडी घालून बसायचं. त्या कोड्यांचा कुणाला उपयोग झालाय, एक तर दाखव की!"

"उपयोग होतो म्हणूनच करायचं का सगळं?"

"मग कशाला करायचं?"

आणि कात्री चालूच होती.

ते कापड कुठलं होतं, ते सांगते. अग्रहारातल्या गिरिजाबाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या नातीचं, यशस्विनीचं, लग्न त्या बुधवारी होतं. गिरिजाबाई मलमलीत गुंडाळून एक तुकडा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या आईच्या लग्नातली साडी, जांभळं रेशीम, त्यावर जरीचे मोहरीएवढे गोल ठिपके. बाकीची साडी विरून गेली, एवढाच तुकडा धड राहिला होता. "आई तर लग्नाला येऊ शकत नाही," गिरिजाबाई म्हणाल्या होत्या, "तिचं एवढं तरी मुलीच्या अंगावर असू दे हो." बोलताना त्यांनी तो तुकडा मांडीवरून खाली ठेवला नव्हता.

यशस्विनीने फोनवर चित्र काढून पाठवलं होतं. मोहरी रंगाचं नवं रेशीम आणि पाठीवर जांभळा त्रिकोण. सरळ मधोमध असता तर ह्यांचा जीव भांड्यात पडला असता, पण आजकालच्या मुलींना सगळं तिरपं हवं. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या, टोक एकीकडे कललेलं आणि बराचसा भाग उजवीकडे. त्यातही मुलीने विचार केला होता. डाव्या खांद्यावरून पदर मागे पडतो, तिकडे काही केलं तरी झाकलंच जाणार. म्हणून उजवीकडे.

ह्यांनी आधी मोहरी रंगाच्या पाठीत त्रिकोणाएवढी खिडकी कापली. ती बिनचूक कापली. मग ते जांभळ्या तुकड्याकडे वळले आणि भांडणाला तोंड फुटलं ते नेमकं तिथे. आमच्या धंद्यात खडूची खूण कापडाच्या उलट्या बाजूला करतात, सुलट बाजूला डाग नको म्हणून. मग कागदाचा नमुनाही पालथा ठेवावा लागतो, नाहीतर तुकडा आरशात पाहिल्यासारखा उलटा निघतो. शिकाऊ मुलं पहिल्या महिन्यात दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापतात, ती हीच चूक. आमच्या ह्यांनी "मग कशाला करायचं?" असं विचारताना नमुना पालथा घालायचा राहून गेला.

तुकडा उचलून त्यांनी खिडकीवर ठेवला. मग फिरवला. मग पुन्हा फिरवला. आमच्या दुकानात शांतता झाली. ती एरवी फक्त वीज गेल्यावर होते.

"अय्यो," हे म्हणाले. एवढंच.

मी हातातले हूक-टाके सोडून धावले. कसाही फिरवला तरी त्रिकोण खिडकीत बसेना. टोक जिकडे कललेलं हवं त्याच्या उलट बाजूला. पालथा घातला की चपखल बसायचा, पण मग जरीच्या मागच्या सुटलेल्या धाग्यांचं जंजाळ वर यायचं. मला एकामागून एक उपाय सुचत गेले आणि प्रत्येक उपायाला हे मान हलवत गेले. खिडकीच डावीकडे घ्यावी, तर नवी पाठ कापायला मोहरी रेशीम उरलं नव्हतं. आणि असतं तरी गिरिजाबाईंच्या आईची साडी पदराखाली गेली असती. याच त्रिकोणातून लहान त्रिकोण कापावा, तर कापून झालेली खिडकी लहान कशी करणार? बाजारातून नवं जांभळं आणावं, असंही माझ्या तोंडून गेलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचं गिळलं.

"त्यांच्या आईचं होतं ते, नागरत्ना," हे म्हणाले आणि स्टुलावर बसले. मला इतका राग आला होता, की सांगता येत नाही. पण त्यांचे ते गुडघ्यांवर टाकलेले हात पाहिले आणि राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं कापड कापणारा माणूस कात्रीकडे बघायला तयार नव्हता.

स्पंदना मात्र दुकानाच्या खिडकीजवळ उभी राहून कागदी नमुना हातात फिरवत होती. एकदा सुलट, एकदा पालथा.

"अप्पा, हा तुकडा आणखी कापला तर?"

"चिंध्या करू म्हणतेस?"

"चिंध्या नव्हे. कापून, न उलटता, वेगळ्या तऱ्हेनं जोडला तर उलटा त्रिकोण सुलटा होईल का? मला उत्तर माहीत नाही. पण कोडं छान आहे."

"कोडं!" हे उठून उभे राहिले. मला वाटलं आता पाटासकट सगळं जातंय. पण स्पंदना घाबरली नाही. "उद्या सरांकडे हेच घालू या की," ती म्हणाली. "उपयोगाचं दाखवा म्हणालात ना?"

ह्यांनी तोंड उघडलं आणि मी मध्ये पडले. "तिघंही जाऊ," मी म्हटलं. "इथं बसून त्या तुकड्याचं तोंड बघण्यापेक्षा बरं."

रविवारी सकाळी आम्ही बसने बोगादीला गेलो.  रेशीम ह्यांनी दुकानातच कुलपात ठेवलं होतं. बरोबर फक्त कागदी नमुना आणि, सवयीने, कात्री.

सरांच्या दारात सोनचाफ्याचं झाड आहे, त्याखाली सिमेंटचा कट्टा. कट्ट्यावर चुरमुऱ्यांचा मोठा डबा, शेंगदाणे आणि कढीपत्ता घालून फोडणीला टाकलेले. त्या डब्याचा नियम स्पंदनाने आम्हाला आत शिरण्यापूर्वीच सांगितला. ज्याला उत्तर सापडलं त्याने ते फक्त सरांना दाखवायचं, मग गुपचूप बाहेर कट्ट्यावर येऊन हवे तेवढे चुरमुरे खायचे. आत राहिलेल्यांना एक अक्षर सांगायचं नाही. भाऊ असो, बहीण असो, रडत असो.

"आणि कुणालाच नाही सापडलं तर?" मी विचारलं.

"मग पुढच्या रविवारी," ती म्हणाली.

"बुधवारी लग्न आहे," हे पुटपुटले.

अनंतकृष्ण सर उंच, किडकिडीत, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, नमुना हातात घेतला, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला जरा रागच आला. आमचं नुकसान झालं होतं, सरांना सणासारखं वाटत होतं.

"सर, तुम्हाला उत्तर येतं?" ह्यांनी विचारलं.

"येतं."

"मग सांगा की!"

"मी सांगितलं तर ते माझं उत्तर झालं की हो, विजयेंद्र. बसा. आज रविवार आहे, बुधवार लांब आहे."

हे बसले. मांडी घालून, दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या मधोमध, दात आवळून. मी भिंतीला टेकले.

सरांनी जुन्या कॅलेंडरची पानं वाटली. एका बाजूला तारखा, दुसरी बाजू कोरी. "तारखांची बाजू म्हणजे सुलट रेशीम," ते म्हणाले. "कोरी बाजू दिसली की गिरिजाबाई रागावल्या. हा त्रिकोण कापायचा आणि तुकडे जोडून त्याचा आरशातला भाऊ तयार करायचा. तुकडे फिरवा, सरकवा, पण पालथे घालायचे नाहीत. करा सुरू."

कात्र्या चालू झाल्या. माझ्या शेजारी पूजिता नावाची सहावीतली एक चिमुरडी होती. तिने भराभर त्रिकोणाचे अगदी बारीक बारीक चौकोन केले. "खूप लहान केले तर कसंही बसवता येतं," ती म्हणाली.

"ब्लाउज आहे गं बाई, भेळ नाही," आमच्या ह्यांनी सांगितलं. सगळी मुलं हसली. पूजिताही हसली, आणि गंमत म्हणजे हेही जरासे हसले.

हर्ष नावाच्या मुलाने त्रिकोण मधून कापून बघितला, टोकं कापून बघितली, शेवटी वैतागून एक तुकडा हळूच पालथा घातला. सरांनी लांबूनच "कोरी बाजू!" अशी हाक दिली. स्पंदना काहीच कापत नव्हती. नुसती बघत बसली होती. मला वाटलं, कर की बाई काहीतरी, बापाचं तोंड बघ कसं झालंय.

थोड्या वेळाने सर म्हणाले, "मोठा प्रश्न अडला तर लहान प्रश्न विचारा. असा कुठला आकार आहे, की ज्याला कापावंच लागणार नाही? जो उलटा आणि सुलटा सारखाच?"

"चौकोन!" "गोल!" "तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण!"

"तिन्ही कशाला पाहिजेत? दोन सारख्या असल्या तरी पुरे," सर म्हणाले. "आणि ह्या सगळ्यांत सारखं काय आहे?"

मुलं आपापली पानं फिरवून बघू लागली. आणि मागून आवाज आला, "घडीवर कापतो ते."

आमचे हे बोलले होते. बोलून स्वतःच दचकले होते.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे, पाठीचा भाग आम्ही घडीवर कापतो. कापड दुमडायचं, अर्धाच नमुना ठेवायचा, कापून उघडायचं. दोन्हीकडे सारखं. त्याला डावं-उजवं नसतं. कॉलर तशीच. बाही मात्र घडीवर होत नाही. बाहीला डावी-उजवी असते, म्हणून तिथं चूक होते." शेवटचं वाक्य त्यांनी जरा हळू म्हटलं.

सरांनी खडू पुढे केला. "फळ्यावर दाखवा की. मुलांना कळू दे."

आणि माझा नवरा फळ्याजवळ गेला. ज्याने आयुष्यात फळ्यावर शेवटचं काही लिहिलं असेल तर ते सातवीत, तो माणूस कॅलेंडरचं पान दुमडून, कापून, उघडून मुलांना दाखवत होता, आणि मुलं त्याला प्रश्न विचारत होती. मधोमध घडी घातली की जो आकार आपल्याच अंगावर तंतोतंत बसतो, त्याला उलटं असं काही नसतंच. तो फक्त फिरवला तरी पुरतो. सर मागे उभे राहून मान डोलवत होते. मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, भरून आलं.

"मग आता कोडं बदललं," सर म्हणाले. "ह्या वाकड्या त्रिकोणाचे असे तुकडे होतील का, की प्रत्येक तुकडा घडीवरचा असेल?"

पुन्हा सगळी डोकी कागदांवर वाकली. फक्त कागदाचा आवाज. आणि एकाएकी स्पंदना उठली. सरांजवळ जाऊन तिने मुठीतलं काहीतरी दाखवलं. सरांनी मान डोलावली. ती आमच्याकडे न बघता सरळ बाहेर गेली आणि चुरमुऱ्यांच्या डब्याचं झाकण वाजलं.

"स्पंदना!" हे कळवळून म्हणाले. "अगं, कापड आपलं आहे!"

"नियम, अप्पा!" बाहेरून भरल्या तोंडाने उत्तर आलं.

ह्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे पाहिलं. मला हसू आवरेना. मग मीही एक पान ओढून घेतलं. इतका वेळ मी नुसती बघत होते; पोरीला सापडतं आणि आईला काय होतंय? जन्मभर मी कडा दुमडत आले आहे. टेबलक्लॉथची टोकं मी ज्या तऱ्हेने आत वळवते, त्याच तऱ्हेने मी त्रिकोणाची टोकं वळवायला सुरुवात केली.

सगळ्यांत लांब बाजू खाली ठेवली. वरचं टोक सरळ खाली आणून त्या बाजूवर टेकवलं. मग उजवं टोक आणून त्याच्याशी भिडवलं. मग डावं. तिन्ही टोकं एकाच जागी येऊन भेटली, लखोटा बंद होतो तशी. माझ्या हातात एक नीट चौकोनी पाकीट तयार झालं आणि मी त्याच्याकडे बघतच राहिले. एवढ्या तिरक्या त्रिकोणातून इतकं सरळ काही निघेल असं वाटलं नव्हतं.

उघडून बघितलं. जिथे टोकं भेटली होती तो बिंदू खालच्या बाजूवर होता. त्या बिंदूपासून वरच्या टोकापर्यंत एक काप दिला. त्याच बिंदूपासून दोन्ही तिरक्या बाजूंच्या मध्यापर्यंत एकेक काप दिला. चार तुकडे झाले, चार लहान त्रिकोण. एकेक उचलून मधोमध दुमडला. पहिला आपल्या अंगावर बसला. दुसरा बसला. तिसरा बसला. चौथा दुमडला. तोही बसला.

मग ते चार तुकडे नुसते फिरवत फिरवत जमिनीवर मांडले, तारखा वर ठेवून. आरशातला त्रिकोण माझ्या समोर तयार झाला. मी किंचाळायचीच बाकी होते. पदर तोंडात कोंबून सरांकडे गेले. त्यांनी पाहिलं, हात जोडले आणि दाराकडे बोट केलं.

बाहेर आले तर स्पंदना कट्ट्यावर पाय हलवत बसली होती. मला पाहून तिचे डोळे एवढे मोठे झाले. "आई! तू?"

"का? मला काय झालं?" मी म्हटलं आणि चुरमुऱ्यांत हात घातला. आम्ही दोघी एकमेकींना धरून इतक्या हसलो, की चाफ्यावरचा कावळा उडून गेला. मी बारावीनंतर शिकले नाही, त्याचं कधी दुःख केलं नाही. पण त्या कट्ट्यावर बसून जे वाटलं ते फार दिवसांत वाटलं नव्हतं. मी आनंदात होते, आणि माझी मुलगी दर रविवारी कशासाठी येते ते मला समजलं होतं.

खिडकीतून आत बघितलं. हर्ष बाहेर आला, मग पूजिता उड्या मारत आली. आमचे हे अजून आतच. घडीची गोष्ट त्यांनीच सांगितलेली, आणि तेच अडकलेले! समोर कापलेल्या पानांचा ढीग. मी खिडकीशी जाऊन नुसतं बोटानं "दुमडा" असं खुणावणार होते, तर स्पंदनाने माझा हात धरला. "बेडा, नको आई. त्यांचं आहे ते. त्यांना काढू दे."

शेवटी एकदाचे ते थांबले. कात्री बाजूला ठेवली. अंगठ्याने त्रिकोणाचं टोक खाली वळवलं, इस्त्री करताना वळवतात तसं. मग दुसरं. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. सरांकडे दाखवायलाही न जाता ते चार तुकडे तळहातावर घेऊन थेट बाहेर आले. मागे सर, चष्मा कपाळावर.

"कुणी सांगितलं नाही हं मला," हे म्हणाले.  "कुणीसुद्धा नाही. बघा, ह्याला उलटं नाही, ह्यालाही नाही..." आणि मग एकदम, "चुरमुरे राहिलेत का?"

दुपारी घरी येऊन आम्ही जेवलोसुद्धा उभ्या उभ्या. आता चिंता रेशमाची होती. प्रत्येक शिवणीत थोडं कापड आत जातं. तीन काप दिले तर त्रिकोण लहान होणार नाही का? पण हा प्रश्न गणिताचा नव्हता, आमचा होता. ह्यांनी कडा उसवू नयेत म्हणून रेशमाला मागून पातळ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीनं बसणारं अस्तर, चिकटवलं, मग श्वास रोखून तीन काप दिले. चारही तुकडे अस्तरावर कडेला कड लावून मांडले, काही दुमडलं नाही, आणि प्रत्येक सांध्यावर जरीची बारीक पट्टी बसवली. एकाच बिंदूतून तीन सोनेरी रेघा निघाल्या. त्यात एक गोष्ट आम्हाला कुणालाच सुचली नव्हती. रेशीम फिरवलं की त्याची चमक बदलते. चार तुकडे चार वेगवेगळ्या जांभळ्या रंगांचे दिसायला लागले. ठिपके गोल असल्यामुळे त्यांना काही फरक पडला नाही.

"मुद्दाम केलं असतं तरी इतकं चांगलं झालं नसतं," मी म्हटलं. हे तीनदा उठून लांबून बघून आले.

सोमवारी गिरिजाबाई ब्लाउज न्यायला आल्या. मी ह्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, की नवी फॅशन म्हणून सांगा, विषय मिटेल. गिरिजाबाईंनी ब्लाउज मांडीवर पालथा घातला, चष्मा लावला आणि त्या सोनेरी रेघांवरून बोट फिरवलं.

"हे काय हो? आईच्या साडीला काप दिलेत?"

"आजकाल बघा, बाई, अशी फॅशन..." ह्यांनी सुरुवात केली. मग त्यांची नजर मशीनजवळ बसलेल्या स्पंदनावर गेली आणि ते थांबले. "नाही," ते म्हणाले. "फॅशन नव्हे. मी चुकलो. त्रिकोण उलटा कापला मी. हिनं कोडं घालून सोडवलं."

"मी नाही, आजी," स्पंदना म्हणाली. "अप्पांनी स्वतः काढलंय. सर कुणालाच सांगत नाहीत."

गिरिजाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मला वाटलं, झालं. त्यांनी पुन्हा बोट फिरवलं, ह्या तुकड्यावरून त्या तुकड्यावर. "आई असती तर रागावली असती," त्या म्हणाल्या. "आणि मग सगळ्या अग्रहाराला बोलावून दाखवत बसली असती." त्यांचे डोळे ओले होते आणि त्या हसत होत्या. "पण उलट्याचं सुलट झालं कसं? मला दाखव की गं."

स्पंदनाने कॅलेंडरचा एक त्रिकोण आणि कात्री त्यांच्यासमोर ठेवली. "नियम आहे, आजी. सांगायचं नाही."

गिरिजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. घरात लग्न असलेली ती बाई आमच्या स्टुलावर बसून कागद कापत राहिली. फोन वाजले ते घेतले नाहीत. जाताना त्रिकोणांचा गठ्ठाच पिशवीत घालून घेऊन गेली.

बुधवारी लग्नात यशस्विनी मुहूर्ताला उभी राहिली तेव्हा पाठ आमच्याकडे होती. पदर डाव्या खांद्यावरून खाली, आणि उजवीकडे चार तऱ्हेचं जांभळं चमकत होतं. "कुठलं डिझाइन?" "कुणी शिवलं?" अशी कुजबुज आमच्या मागेच सुरू झाली. गिरिजाबाई त्या गर्दीतून आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "डिझाइन नव्हे ते, चूक आहे. ही बघा, हिनं सुधारली," आणि स्पंदनाला पुढे ओढलं.

स्पंदना लाजून पाणी झाली. तेवढ्यात मागून आमचे हे घाईने पुढे आले, जणू कुणी त्यांचा हक्क मारत होतं. "चूक माझी आहे हं," ते सगळ्यांना सांगायला लागले. "मीच केली." इतक्या आनंदाने स्वतःची चूक सांगताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जेवताना तिरुमलराव नेमके ह्यांच्या शेजारच्या पानावर बसले. भले गृहस्थ, त्यांनी आपणहूनच विषय काढला. "मग विजयेंद्र, ह्या रविवारपासून पाठवताय ना मुलीला? जागा ठेवलीय मी."

हे चिरोटी मोडत होते. समोरच्या ओळीत स्पंदनाचा हात पानावर थांबला. ती बापाकडे बघत होती आणि मी तिच्याकडे.

"रविवारी सकाळी नाही जमायचं, तिरुमलराव," हे म्हणाले. "संध्याकाळची एखादी बॅच असली तर बघा. रविवारी सकाळी आमचा क्लास असतो."

"आमचा?" तिरुमलरावांनी विचारलं.

"तिघांचा," हे म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी स्पंदनाच्या पानात आणखी एक चिरोटी वाढायला सांगितली.